रणपिसे बाईंची तर्री

आमटीची वाटी समोर आली की माणूस भाकरी मोडतो. रणपिसे बाई चष्मा पुसायच्या. मग वाटीवर वाकून हळूच फुंकर मारायच्या आणि तर्रीचे थेंब कसे फुटतात, कसे पुन्हा एकमेकांना जाऊन चिकटतात, ते बघत बसायच्या. आमटी गार व्हायची. कुणी हटकलं की म्हणायच्या, "थांब गं, कामात हाय मी."

बाई हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. मूळच्या पासली गावच्या, भोरमध्ये आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहायच्या. मी लातूरकडची, सातवीतनं शाळा सुटलेली. नवरा जवळच्या शिवऱ्याहून टेम्पो चालवायचा म्हणून आमचं बिऱ्हाड भोरला. ओळखीचं कुणी नाही, त्यात माझा स्वभाव असा की कडी वाजली तरी छातीत धस्स व्हायचं.

बाईंचा सगळा जीव चरबीच्या थेंबात. आपल्या पेशींमध्येही असे बारीक थेंब असतात, हे मला त्यांनीच सांगितलं. "पुस्तकवाले त्याला गोदाम म्हणतात. म्हणू देत. पण गोदामाजवळ एवढी धावपळ कशाला? जंतू आत शिरला की थेंब वाढतात. का? जंतूला जेवू घालायला, का जंतूला धरायला?" हे सगळं नळावर, हंडा भरताना. मागची बाई म्हणायची, "बाई, तुमचा हंडा कवाच भरलाय. तो सरकवा, मग जंतू धरा."

कुणाचा भरवसा वाटला नाही की त्यांचं ठरलेलं वाक्य, "हा थेंब हाय. कुणाच्या बाजूचा ते अजून ठरायचंय." दूधवाला थेंब, घरमालक थेंब, निवडणुकीत हात जोडत आलेले तर सगळेच थेंब.

शाळेनं मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक त्यांच्या खिडकीत असायचा. त्यात एकदा त्यांनी मला दुधाचा ठिपका दाखवला. गोल गोल मण्यांची नुसती जत्रा! मी ओरडलेच. बाई अशा खूश झाल्या, जणू ते मणी त्यांनीच ओवले होते.

आणि मला टीबी निघाला.

सरकारी दवाखान्यात सांगितलं, गोळ्या एक दिवसाआड, कुणाच्या तरी समोरच घ्यायच्या. मी रडकुंडीला आले. गल्लीत कळलं तर खोली सुटेल, गावाकडं कळलं तर काय होईल, देव जाणे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडं ती येसर आमटी करतात न्हाई का?" येसर म्हणजे धान्य न् मसाले भाजून केलेलं आमचं पीठ. मी हो म्हटलं.

"मग एक दिवसाआड सकाळी वाटीभर आण. गोळ्या माझ्यासमोर घे. तर्री दणकून पायजे बरं का. मला थेंब बघायचे असतात."

झालं! लातूरवालीनं बाईंना आमटीची चटक लावली, असं गल्लीत झालं. गोळ्यांचा कुणाला पत्ता नाही. त्याच दिवसांत गल्लीतला मोत्या कुत्रा एकदम तुकतुकीत दिसायला लागला. बाई म्हणाल्या, "त्याच्यात थेंब वाढलेत."

दोनेक महिन्यांत माझा खोकला गेला, अंग धरलं. गोळ्यांनी मळमळायचं, त्यात गावाकडं भावाचं लग्न निघालं. तिथं गोळ्या दिसल्या तर? मी बाईंना म्हटलं, "आता बरी झाले. बंद करते."

बाई रागावल्या नाहीत. कोथिंबिरीचं एक पान त्यांनी चमच्यानं तर्रीखाली ढकललं. "दिसतंय?"

"न्हाई."

फुंकर मारली. "आता?"

"हाय की!"

"तसंच हाय गं. खोकला गेला म्हणून तुला वाटतंय पाहुणे गेले. ते पेशीत थेंबाला टेकून, चरबी खात गुमान बसलेत. गोळी सोडलीस की ढेकर देऊन उठतील."

"मग थेंब त्यांचा का आपला, बाई?"

"ते ठरायचंय. ठरंस्तोवर गोळी घे."

गोळ्या त्यांनी स्वतः माझ्या शेवयांच्या डब्यात तळाशी बांधून दिल्या. "तिकडं कुणासमोर घेऊ?" म्हटलं, तर म्हणाल्या, "आरशासमोर घे. समोर कुणीतरी पायजेच." मी आरशासमोर घेतल्या. लग्नघरात सगळ्यांना वाटलं, ही भोरला जाऊन लई नटवी झाली.

कोर्स संपला, तपासणीत काही निघालं नाही. मी पातेलंभर आमटी केली न् बाईंच्या खोलीत त्यांच्या पुढ्यात बसले. "आज माझ्यासमोर जेवायचं." बाईंनी इकडंतिकडं बघितलं. घास घेतला. डोळ्यांत पाणी, नाक लाल. "छान झालीय," म्हणाल्या आणि उचकी लागली. तेवढ्यात मोत्या थेट आत आला, बाईंच्या ताटाजवळ बसला आणि हक्कानं शेपूट आपटायला लागला.

मी बाईंच्या चुलीकडं बघितलं. पातेलीत दुधी शिजवलेला, फोडणीवाचून.

"पित्ताशयात खडे हायेत," बाई पुटपुटल्या. "तेल न् तिखट कवाचं बंद केलंय डॉक्टरनं." मग एकदम शिक्षिकेच्या आवाजात, "पण थेंब बघायला बंदी न्हाई!"

मी हसले, रडले, आणि मोत्याला आमटीत भाकरी कुस्करून दिली.

पुढची वाटीची सकाळ उजाडली, पण गोळी नव्हती. वाटी न्यायचं कारणच उरलं नव्हतं. मी नुसतीच दाराआड घुटमळत होते, तोच कडी वाजली. दारात बाई, हातात रिकामी वाटी.

"थेंब बघायचे, बाई?"

"न्हाई गं. थेंब ऱ्हाऊ देत." त्या वाटीकडंच बघत होत्या. "दुधी शिजवलाय. तू येतीस का? जेवताना समोर कुणीतरी पायजे."