चव्वेचाळीस क्रमांकाच्या मतदारसंघाचा संक्षिप्त इतिहास

डोंगर निसर्ग देतो, नदी निसर्ग देतो. मतदारसंघ मात्र कार्यालय देतं. त्यामुळे डोंगराला जे जन्मात जमत नाही, म्हणजे वेळप्रसंगी जरा सरकून बसणं, ते मतदारसंघाला सहज जमतं. विधानसभेच्या चव्वेचाळीस क्रमांकाच्या मतदारसंघाइतका सरकून बसणारा मतदारसंघ दुसरा झाला नाही. त्याचं श्रेय सीमारेषा विभागातल्या नकाशेकाकांना जातं. (विभाग म्हणजे काका, एक टेबल आणि तीन रंगांच्या पेन्सिली. चौथी कार्यालयाच्या साहेबांनी नेली.)

पहिल्या निवडणुकीत मतदार होते एक लाख बेचाळीस हजार, आणि सदस्य निवडून आले एकशे तेरा मतांनी. इतक्या निसटत्या विजयानं माणसाला झोप लागत नाही, आणि झोप न झालेला माणूस जनतेची सेवा काय कपाळ करणार? तेव्हा ज्या मतदान केंद्रांवर विरोधी मतं पडली, ती केंद्रं मनानं शेजारच्या पंचेचाळीस क्रमांकातलीच आहेत, हे साहेबांनी ओळखलं आणि काकांनी रेघ हलवली. मत गुप्त असतं. पेटी गुप्त नसते. दुसऱ्या निवडणुकीत सदस्यांना सत्तर टक्के मतं पडली, तिसरीत शहाण्णव. नकाशावर चादरीएवढा असलेला मतदारसंघ आधी टॉवेल झाला, मग पायजम्याची नाडी.

चौथ्या निवडणुकीपर्यंत त्यात एक गल्ली उरली होती आणि गल्लीत तीन घरं: शिंपी नवराबायको, एकट्या राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि खुद्द काका-काकू. एकूण मतदार पाच. पाचही सदस्यांचेच. (सदस्य स्वतः राजधानीत राहत. मतदारसंघात त्यांना पाय पसरायला जागा नव्हती.)

इथं काकांनी आपल्या नेमणुकीचा आदेश पुन्हा काढून वाचला. त्यांचं पद हंगामी होतं आणि आदेशात स्वच्छ लिहिलं होतं, 'मतदारसंघात विरोधी मत शिल्लक असेल, तोवरच हे पद चालू राहील.' काकांचं वय झालेलं, काकूंचे गुडघे गेलेले, आणि रेघा ओढणाऱ्या माणसाला बाहेर कोण कुत्रं विचारतं? काकांनी पुढच्या खोलीतल्या सदस्यांच्या फोटोला मनापासून नमस्कार केला आणि जाऊन विरोधात मत देऊन आले. नोकरी ती नोकरी.

निकाल लागला चार विरुद्ध एक. साहेबांचा संशय शिंप्यावर गेला.

"काका, अहो मी त्यांचाच माणूस!" शिंपी रडकुंडीला आला. "त्यांचा कोट मी शिवलाय. पंचेचाळिसात गेलो तर माझ्या दारातल्या गटारावर झाकण कोण बसवणार?"

"वरून आदेश आहे," काका म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यासाठी नकाशात वेगळा रंग नाही.

पाचव्या निवडणुकीत दोन विरुद्ध एक. मुख्याध्यापिकाबाईंनी हकालपट्टीचा आदेश वाचला, त्यातल्या चार चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवला आणि त्या पंचेचाळिसात गेल्या. सहाव्या निवडणुकीत एक विरुद्ध एक. (समान मतं पडल्यास विद्यमान सदस्य कायम, असा नियम आहे. कुणी केला ते विचारू नये.)

"काका, घरात तुम्ही दोघंच," साहेब म्हणाले. "तुमच्यावर तर आमचा डोळे झाकून विश्वास. म्हणजे वहिनी."

यावर काका काहीतरी बोलू शकले असते. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, अशी नोंद आहे.

काकू भांडी विसळत होत्या. "मी विरोधात दिलं? मी त्यांनाच दिलंय! मग ते दुसरं..." त्यांचा हात थांबला. "अगं बाई! तुम्ही?"

"नोकरीसाठी गं."

"आणि शिंपीभाऊजी? बाई? सोन्यासारखी माणसं घालवलीत! लाज कशी वाटली नाही हो?"

"वाटली की."

"मग ओढा रेघ. कुठून, ते मी सांगते."

रेघ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून गेली. शेगडी, नळ, मागचं दार आणि काकू पंचेचाळिसात; फोटो, खुर्ची आणि काका चव्वेचाळिसात. काकूंनी हद्द काटेकोर पाळली. चहाचा कप उंबऱ्यापर्यंत यायचा, पुढे नाही. आपला चहा त्या मागच्या अंगणात शिंपीण आणि बाईंबरोबर घ्यायच्या. तिकडचं हसणं काकांना ऐकू यायचं आणि एकट्यानं घेतलेला चहा कडू लागायचा.

सातव्या निवडणुकीत एकूण मतदार एक. (पुरुष एक, स्त्रिया निरंक.) बंदोबस्ताला सहा कर्मचारी आणि दोन पोलीस. काकांनी सदस्यांना मत दिलं, तर विरोध संपला आणि पद गेलं. विरोधात दिलं, तर सदस्य गेले, आणि ते कुणी घालवले हे शोधायला आयोग नेमावा लागला नसता.

उंबऱ्याच्या पलीकडून काकू म्हणाल्या, "जा हो. आयुष्यात एकदा तरी मनापासून मत द्या. कुणालाही द्या. मी दार उघडं ठेवते."

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. चपला घातल्या. मग चपला काढल्या आणि खुर्चीत पेपर उघडून बसले. पाच वाजता रिकामी पेटी सीलबंद झाली. शून्य विरुद्ध शून्य. सदस्य कायम. विरोध संपल्याचं सिद्ध न झाल्यामुळे पदही कायम. काकूंनी पंचेचाळिसाच्या बाजूनं दार लावून घेतलं आणि कडी घातली.

मतदान न केल्याचं कारण अहवालात द्यावं लागतं. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझ्या एका मतानं काय फरक पडणार आहे?'

वाचक इथं हसले असतील, कदाचित काकांवर चिडलेही असतील. परंतु हे वाक्य काकांचं नाही. पहिल्या निवडणुकीला सुट्टी समजून घरी बसलेल्या एकसष्ट हजार मतदारांनी आपापल्या सहीनिशी हेच कारण दिलं होतं. काकांनी ते फाइलीतून जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्या यादीत आपली सही आहे का, हे वाचकांनी कार्यालयीन वेळेत येऊन पाहावं. (सोबत ओळखपत्र आणावं. बोटावरची शाई पुरावा म्हणून चालली असती, पण ती तुमच्याकडे नसणार.)