गोगलगाय तीनदा मरते

थंड डोक्यानं विचार करणारी माणसं जगात फार थोडी आहेत, आणि त्यासाठी पगार घेणारा बहुधा मी एकटाच. संशोधन संस्थेच्या संगणक-खोलीतले एसी माझ्या ताब्यात असतात. हे झालं पोटापाण्याचं. पिंड मात्र गुप्तहेराचा. नजर घारीची, कान सशाचे. नाकाला गार वाऱ्यानं बारमाही सर्दी असते, पण तपास नाकाशिवायही होतो. आजवर मी अकरा प्रकरणं हाती घेतली. त्यातली दोन आपोआप सुटली.

बारावं प्रकरण माझ्या भाचीनं आणलं. ती इथेच गोगलगायीवर पीएचडी करते. गोगलगायीचा जीनोम, म्हणजे तिची जन्मजात सगळी माहिती, मशीनला सलग वाचता येत नाही. लाखो तुकडे हाती येतात. ते टोकाला टोक लावून पुन्हा जोडायचे. या जोडकामासाठी संस्थेत संगणकांचा एक सामाईक ताफा आहे आणि त्यापुढे सगळ्यांची रांग असते.

"मामा, माझं काम परत मेलं," ती म्हणाली. डोळे सुजले होते. "दीड दिवस रांगेत थांबायचं, नंबर लागला की चार मिनिटांत खलास. ही तिसरी वेळ. सोमवारी सरांना जोडणी दाखवली नाही तर ते गोगलगाय दुसऱ्या लॅबला देणार. नुसत्या जोडणीलाच तीन दिवस लागतात आणि आज बुधवार."

"शेवटचे शब्द काय होते?"

"कुणाचे?"

"मयताचे."

"मेमरी कमी पडली, एवढंच लिहून येतं."

मी डोळे मिटले. मेमरी म्हणजे स्मरणशक्ती. म्हणजे कुणीतरी काहीतरी विसरलं होतं. हा धागा मला क्षुल्लक वाटला, म्हणून सोडून दिला.

आमच्याकडून चूक होणं तर शक्यच नव्हतं. तिच्या लॅबमधल्या सीनियरनं दिलेला सूचनांचा कागद पहिल्या दिवशी मीच वाचून दाखवला होता, आणि तिनं शब्दाला शब्द टाइप केला होता. गुन्हेगार बाहेरचा होता.

माझा संशय हवामानवाल्यावर गेला. अर्धा ताफा त्याच्या वादळांच्या गणितांनी अडवलेला असतो. माणूस हळू बोलतो, दारात भेटला तर "आधी तुम्ही" म्हणतो. गोगलगाय अन् पोटात पाय, ती हीच. तो चहाला गेल्यावर मी त्याच्या टेबलाची झडती घेतली. छत्री सापडली. हवामानाचा अभ्यासक आणि जवळ छत्री. ज्याचा स्वतःच्या अंदाजावर विश्वास नाही, तो काय करणार नाही? मी ती पुरावा म्हणून जप्त केली.

दुसरा सिद्धांत उष्णतेचा होता. खोलीचा एसी सोळावर आणून मी दोन तास पाळत ठेवली. ताफ्याला काही झालं नाही, मला ताप आला. तिसरा सिद्धांत असा, की गोगलगाय मुळात संथ प्राणी, शंभर संगणक एकदम अंगावर आले की ती बिथरत असावी. हा मी भाचीला सांगितला. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

गुरुवारी दुपारी आम्ही रसायनांच्या स्टोअरमध्ये डबा खायला बसलो. हे स्टोअर माझी बायको, म्हणजे भाचीची मामी, सांभाळते. मागाल ते रसायन तोलून देते.

"पहिल्यांदा तीनशे मेमरी मागितली," भाची सांगत होती. "मग चारशे, मग पाचशे. कितीही मागा, कमीच."

मामी काट्यावर बाटली ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, "पाचशे काय?"

"पाचशे."

"अगं, पण पाचशे काय? माझ्याकडे कुणी नुसतं 'पाचशे द्या' म्हणत आलं, तर मी ग्रॅमच देते. किलो हवं असेल तर तसं लिहून आणावं."

भाचीचा घास हातातच राहिला. आकड्यापुढे जी लागतो, गिगाबाइटचा. तो नसला की ताफा मेगाबाइट धरतो, म्हणजे हजारपट कमी. तिनं पिशवीतून सीनियरचा कागद काढला. तीनशेच्या पुढे चांगला ठसठशीत जी होता. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"तो होय," मी म्हणालो. "मला वाटलं, आदरानं लिहिलंय. तीनशे जी. म्हणून वाचताना गाळला."

"घरात कुणाला जी म्हणायची सवय नाही, त्याचं हे फळ," मामी म्हणाली.

भाची हसली आणि लगेच रडकुंडीला आली. पुन्हा दीड दिवस रांगेत काढायचा म्हणजे जोडणी मंगळवारी होणार. गोगलगाय गेल्यातच जमा होती, आणि ती माझ्या जिभेनं घालवली होती. मला फार वाईट वाटलं. मी उठलो, तडक हवामानवाल्याकडे गेलो आणि सगळं कबूल केलं.

तो शांतपणे ऐकत होता. "माझं वादळ थांबेल दोन-तीन दिवस," तो म्हणाला. "मी काम मागे घेतो, तिचं आत्ताच लावा. आणि काका, माझी छत्री तुमच्याकडे आहे का?"

रविवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, जुळली. सोमवारच्या आत." पुढे तिला बोलता येईना. मलाही येईना, पण सर्दीमुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी वही काढली. प्रकरण बारावं, सुटलं. 'तपास' या रकान्यात मामी लिहिलं. 'गुन्हेगार'पुढे सही केली.

"बाहेर जाताय तर साखर आणा," आतून मामी म्हणाली. "दोन."

मी चप्पल घालता घालता थांबलो. "दोन काय?"

मामी दारात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे गुप्तहेराकडे बघावं तसं बघितलं.

"किलो," ती म्हणाली.

"जी," मी म्हणालो.