आधी हात, मग बाळ

“हात!” मेट्रनबाई दारातच आडव्या झाल्या.

मुलगा नुकताच ऑफिसातून आला होता. खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. आतून लेकीचं खिदळणं ऐकू येत होतं आणि इकडे आईच्या हातात स्पिरिटची बाटली होती. त्याने मुकाट्याने तळवे पुढे केले.

“बोटांच्या बेचक्यात लाव. नखांखाली. कोपरापर्यंत ने.”

“आई, बाप आहे मी तिचा!”

“जंतूंना नाती कळत नाहीत.”

मेट्रनबाईंची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली होती. तिथे भलेभले डॉक्टर त्यांना टरकून असत. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, पण वॉर्ड काही सुटला नाही. तो त्यांनी घरी आणला. नात जन्मली आणि पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, की स्पिरिट लावल्याशिवाय बाळाला कुणी बोटही लावायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा, आणि स्वतःला तर दुप्पट. बाळाला घेण्याआधी स्पिरिट, ठेवल्यावर स्पिरिट, लंगोट बदलल्यावर स्पिरिट. नवरा वर्तमानपत्राला हात लावून जवळून गेला तरी स्पिरिट. घराला इंजेक्शनच्या खोलीसारखा वास येऊ लागला.

आणि मग खाज सुटली. आधी बोटांच्या बेचक्यात, मग मनगटावर, मग थेट कोपरापर्यंत लालबुंद पुरळ. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. मेट्रनबाई कसल्या घाबरतात! खाज आली म्हणजे जंतू आले, आणि जंतूंवर औषध घरात होतंच. त्यांनी कापसाचा बोळा भिजवून पुरळावर दाबला आणि डोळे घट्ट मिटले.

“अगं, पाणी आलं की डोळ्यांतून,” नवरा म्हणाला.

“झोंबतंय म्हणजे काम करतंय!”

घटकाभर गार वाटायचं. मग खाज अशी उसळायची, की दाराची चौकट दिसली तरी हात घासावासा वाटे. मग पुन्हा बोळा. बघता बघता नवराही खाजवू लागला. मुलाने भर मीटिंगमध्ये दोन्ही हात टेबलाखाली नेऊन खाजवले आणि साहेबांनी त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. सुनेच्या बोटांना भेगा पडल्या. घरात धडधाकट उरल्या फक्त विहीणबाई, म्हणजे सुनेची आई. लेकीच्या मदतीला म्हणून आल्या होत्या आणि त्यांचे हात लोण्यासारखे मऊ होते.

शेवटी सून चाचरत म्हणाली, “आई, राग मानू नका, पण ही साथ वाटतेय. पुरळ जाईपर्यंत बाळाला मम्मीच घेईल.”

“मला बंदी? नियम करणारीला?”

“तुमच्याच नियमाने, आई.”

विहीणबाईंनी बाळाला अलगद उचललं आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, “काळजी नका करू हो. माझ्या हातांना काही झालेलं नाही.” मेट्रनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं दुखलं ते दुसरंच. नातीने त्यांना पाहून दोन्ही हात पुढे केले, हुंकार दिला, आणि त्यांना आपले हात पदराआड लपवावे लागले. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि चक्क रडल्या.

रडून झाल्यावर त्यांना शंका आली. असे कसे हिच्या हातांना जंतू घाबरतात? त्या पाळत ठेवून बसल्या. दुपारी विहीणबाई पाळण्यापाशी आल्या, बाटली तळव्यावर उपडी केली, जोरजोरात हात चोळले आणि बाळाकडे वळल्या.

“झाकण बंद आहे!” मेट्रनबाई किंचाळल्या. “बाटलीचं झाकण बंद आहे!”

सून धावत आली. विहीणबाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग त्यांनीही मान ताठ केली.

“आहे बंद. आल्यापासून मी ते उघडलेलंच नाही. मला तो वास सोसत नाही. मी आपली साबणाने हात धुऊन येते.”

“मम्मी, इतके दिवस नाटक?”

“ऐकलंत ना?” मेट्रनबाई विजयी मुद्रेने म्हणाल्या.

पण सून आईच्या हातांकडे बघत होती, मग स्वतःच्या. “थांबा. जिने स्पिरिट लावलंच नाही, तिलाच फक्त पुरळ नाही.”

“योगायोग!”

“आई, डॉक्टरांना दाखवा.”

“कुठल्या डॉक्टरला? ज्यांना मी हात धुवायला शिकवलं त्यांना?”

तेवढ्यात पाळण्यातून पुन्हा हुंकार आला. मेट्रनबाईंनी चपला पायात सरकवल्या.

त्वचेचा डॉक्टर शिकाऊ असताना त्यांनी त्याला वाढलेल्या नखांपायी वॉर्डाबाहेर काढलं होतं. त्यांना दारात बघताच त्याने मुठी मिटल्या.

“स्पिरिट किती वेळा लावता, सिस्टर?”

“लागेल तितक्या वेळा.”

“ही साथ नव्हे. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, त्यावर तुम्ही पुन्हा स्पिरिट चोळता. मग खाज वाढणार नाही तर काय? बंद करा. साधा साबण, पाणी आणि रात्री हे मलम. स्पिरिटच्या ओल्या हातांनी बाळाला घेतलंत तर त्याच्याही नाजूक कातडीला त्रास होईल.”

“बाळाला कधी घेऊ?”

“हात धुऊन, पुसून, घरी गेल्याबरोबर.”

मेट्रनबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच काळवंडला. “म्हणजे माझं चुकलं म्हणताय?”

डॉक्टरने हळूच हात टेबलाखाली घेतले. “मी कुठे तसं म्हटलं, सिस्टर?”

“म्हणायचंही नाही.”

वाटभर त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. आता त्या बाईसमोर चुकले म्हणायचं? आणि आपल्या तोंडाने? मेले तरी नाही! पण म्हटल्याशिवाय नात हातात कशी येणार?

इकडे सुनेने आपल्या आईची चांगलीच कानउघाडणी केली होती. मेट्रनबाई दार ढकलून आत आल्या तर विहीणबाई समोरच उभ्या. बाह्या वर सारलेल्या, बाटली उघडी, आणि हात कोपरापर्यंत चकाकत होते.

“बघा विहीणबाई, आज अगदी खरं लावलंय. माझ्यापायी घरात वाद नको. तुमचा नियम तो माझाही.”

मेट्रनबाईंनी त्या ओल्या हातांकडे पाहिलं. त्या तडक मोरीपाशी गेल्या, साबणाने हात धुतले, पुसले, आणि पाळण्यातून नातीला उचलून छातीशी धरलं.

“अहो आई, पुरळ—” सून म्हणाली.

“साथ नाही. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“बरं झालं बाई,” विहीणबाई म्हणाल्या आणि हात पुढे केले. “थोडा वेळ माझ्याकडे द्या.”

मेट्रनबाई एक पाऊल मागे सरकल्या.

“या घरात स्पिरिट लावलेल्या हातांनी बाळाला घ्यायचं नाही. नियम आहे.”

“अगंबाई! हा नियम कधी झाला?”

“तुम्ही झाकण उघडलंत तेव्हा,” मेट्रनबाई म्हणाल्या, आणि नातीला घेऊन ऐटीत खिडकीशी जाऊन बसल्या.