नेवेना ओरडत का नाही?

"आज आभाळ कोसळलं तरी मी ओरडणार नाही!" शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून नेवेनाने जाहीर केलं. आणि ते अशा काही आवाजात, की अंगणातली मांजर टुणकन कुंपणावर चढली.

"सुरुवात छान झाली," रिकाम्या बरण्यांची खोकी उतरवता उतरवता बाबा म्हणाले.

"हे धरायचं नाही! मी अजून सुरू कुठे केलंय!"

सगळी भानगड सहलीची होती. वर्ग ग्रीसच्या समुद्रावर निघाला होता. गेल्या सहलीत नेवेना खिडकीवरून बसच्या ड्रायव्हरशी अशी भांडली होती, की बिचारा येताना कानात कापूस घालून गाडी चालवत होता. म्हणून आईने अट घातली होती. "आज आयवारच्या चटणीची शेवटची बरणी बंद होईपर्यंत एकदाही आवाज चढवला नाहीस, तर सहल. एकदा जरी चढवलास, तर समुद्र नकाशात बघायचा!"

नेवेनाला यात काहीच कठीण वाटलं नाही. शाळेच्या समुपदेशक झोरित्सा बाईंनी शिकवलंच होतं: राग आला की त्याच्याशी झटापट करायची नाही. तो ढगासारखा येतो, ढगासारखा जातो. आपण श्वास घ्यायचा आणि नुसतं बघायचं. नेवेनाचे या विषयाचे दोनपैकी मोजून दीड तास झाले होते (उरलेल्या अर्ध्या तासात ती बाकावरच्या शेजारणीशी भांडत होती), पण आता आपल्याला बाईंपेक्षाही जास्त कळतं याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती!

पहिलं काम म्हणून तिने घराच्या समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. श्वासाला ताजी हवा नको का?

तेवढ्यात आयवारच्या मदतीला देसांका काकू टोपली घेऊन आत आल्या आणि किंचाळल्या, "अगं बया! वाऱ्याचा झोत! सगळ्यांना मारतेस की काय, कार्टे!"

लेस्कोवात्स गावातली माणसं अस्वलाला घाबरणार नाहीत, एवढी समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांना घाबरतात. दुखरा दात, धरलेली मान, मोडलेलं लग्न, सगळ्याच्या मुळाशी हा झोत! एरवी नेवेनाने यावर काकूंना अर्धा तास सुनावलं असतं. आज तिने डोळे मिटले. नाकातून श्वास घेतला. आला, आला, राग आला. बघतेय मी तुला. गेला.

"बरोबर आहे, काकू," ती मधासारख्या आवाजात म्हणाली. "लगेच बंद करते हं."

काकूंच्या हातातली टोपली दाणकन खाली पडली.

"वहिनी! अहो गोरदाना वहिनी! धावा! पोरीला झोत लागला!"

आई धावत आली आणि पुढच्या पाच मिनिटांत नेवेनाच्या मानेला कडक राकिया चोळण्यात आली. दारूच ती, भपकाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं! वरून काकूंनी आपला काळा लोकरी रुमाल तिच्या कपाळावरून घेऊन हनुवटीखाली करकचून आवळला. आणि या वेषात तिला अंगणातल्या चुलीपाशी आयवार ढवळायला बसवलं. रुमाल टोचत होता. विस्तव भाजत होता. ढग, नेवेना, ढग! ढगांचा नुसता पावसाळा झाला होता, पण ती गप्प राहिली.

आयवारला आधी मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, दळायच्या, आणि मग कढईशेजारी ठाण मांडून लाकडी पळ्याने ढवळत राहायचं. हात थांबला की तळ धरलाच! घरची दोन दिवसांची मेहनत आणि अख्ख्या हिवाळ्याची चटणी त्या एका कढईत होती.

दुपारी बाबांनी निखाऱ्यावर मांस भाजलं. पण नेवेनाचा झोरित्सा बाईंचा दुसरा धडा चालू होता. एकच घास, सावकाश, मन लावून! एका हाताने पळा फिरवत, दुसऱ्या हातात पावाचा तुकडा धरून, डोळे मिटून ती चावत बसली.

नेमकं त्याच वेळी कुंपणावरून शेजारच्या मिलुंका मावशींनी डोकावलं. काळा रुमाल, मिटलेले डोळे, कोरडा पाव!

"बाई गं!" मावशींनी छातीवर हात मारला. "माझ्या नणंदेच्या मुलीचं अगदी असंच सुरू झालं! आधी गप्प झाली, मग मांस सोडलं, मग काळा रुमाल. आता डोंगरावरच्या मठात नन होऊन मधमाश्या पाळते!"

"मठात?" आईचा चेहरा पांढरा पडला. "नेवेना, खरं सांग हं सोन्या. कुण्या मुलाने काही…?"

छे! काहीतरीच! असं ओरडायला नेवेनाने तोंड उघडलंसुद्धा. पण डोळ्यांपुढे समुद्र आला. तिने श्वास घेतला आणि बाईंचं वाक्य जसंच्या तसं म्हणाली, "आई, तू घाबरली आहेस. तुझी भीती मला दिसते आहे. तिला येऊ दे. तिला जाऊ दे."

झालं! मावशींनी क्रूसाची खूण केली. काकूंनी हुंदका दिला. बाबांच्या हातातला चिमटा गळून पडला. मावशींच्या हाकेने सगळी गल्ली अंगणात जमली. कुणी मेणबत्ती आणली, कुणी "माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना कर गं" म्हणून गुडघाच पुढे केला. काकूंनी तिच्या हातातून पळा काढून घेतला आणि कुंपणाला टेकवला.

"या हातांनी आता चटणी ढवळायची?" म्हणत त्यांनी ते हात घट्ट धरून डोळ्यांना लावले, ते सोडेचनात.

आणि कढईपाशी कुणीच उरलं नाही.

आतापर्यंत आयवार कसा छान फदफद करत होता. आता तो मधेच एखादा उसासा टाकू लागला. मग कडेने धुराची बारीक रेघ निघाली. ती दिसली फक्त नेवेनाला, कारण बाकी सगळे नेवेनाकडे बघत होते!

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "आयवार तळाला लागतोय. मला दिसतंय."

"ऐकलंत?" मावशी ढसढसा रडू लागल्या. "चटणी करपतेय, आणि ही नुसती बघतेय! मोह सुटला हो पोरीचा!"

एकीकडे निळाशार समुद्र, दुसरीकडे लालभडक कढई. नेवेनाने श्वास आत घेतला. हा ढग आहे, हा ढग आहे, हा… ढग कसला डोंबलाचा, धूर आहे हा!

"ढवळा ना कुणीतरी!! करपला आयवार! आंधळे आहात का सगळे? मला कुठल्याही मठात जायचं नाहीये! मला मांस हवंय, हा रुमाल टोचतोय, आणि खिडक्या मी उघड्याच ठेवणार!!"

कबुतरं उडाली. मेणबत्ती विझली. मांजर पुन्हा कुंपणावर.

आणि मग आईने नेवेनाला कवटाळलं. "आली! माझी पोर परत आली!" गल्लीने टाळ्या पिटल्या. बाबांनी झेप घेऊन पळा उचलला आणि वरचा आयवार वाचवला. खालचा थर मात्र कोळसा! त्याला खास धुराची चव आली म्हणून मिलुंका मावशी एक बरणी घेऊनही गेल्या.

संध्याकाळी आईने शेवटच्या बरणीचं झाकण घट्ट फिरवलं. नेवेना पायरीवर मान खाली घालून बसली होती.

"अट म्हणजे अट," आई म्हणाली. "आवाज चढवलास."

"हो." यावर भांडायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

आईने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि घाईघाईने म्हणाली, "हे बघ, पुन्हा अशी गप्प बसू नकोस! जा समुद्रावर. पण माझी नवी अट आहे. रोज संध्याकाळी मी फोन करीन, तेव्हा एकदा नीट ओरडायचं. म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही."

तर ग्रीसची पहिली संध्याकाळ. झोरित्सा बाईंनी सगळ्या वर्गाला वाळूत गोल करून बसवलं होतं. डोळे मिटलेले, लाटांचा आवाज, पूर्ण शांतता. सगळ्यांत ताठ पाठ नेवेनाची होती. "आपल्या नेवेनाकडून शिका," बाई पुटपुटल्या. नेवेना मनातल्या मनात फुलून आली.

आणि खिशात फोन वाजला.

"आई!!! जेवले मी!!! आणि खिडकी उघडी टाकूनच झोपणार आहे!!!"

"बरी आहे हो पोर!" पलीकडून आईचा सुखावलेला आवाज साऱ्या किनाऱ्याला ऐकू आला, आणि मागून गल्लीच्या टाळ्या.

झोरित्सा बाईंनी डोळे उघडले नाहीत. त्या फक्त जरा जोरजोरात श्वास घेऊ लागल्या.