मागच्या गेटचे रशीदचाचा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणाबद्दल चार ओळी लिहाव्यात एवढी माझी तयारी आहे का, याची मलाच शंका आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. पण भिगवणचे मासळीवाले रशीदचाचा कुठल्याही कॉलेजात पुढच्या गेटने शिरत नाहीत, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

बारावीनंतर मला कॉलेज निवडायचं होतं. वडिलांना उसापलीकडचं फारसं ठाऊक नाही. ते म्हणाले, "रशीदभाईला संगं ने. त्यो कुठं फसत न्हाय."

बारामतीच्या एका कॉलेजात त्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांसाठी कमान, फुगे, गुलाबपाणी असा थाट होता. चाचांनी मला ओढत मागच्या गेटला नेलं. "पाटीतला वरचा मासा सगळेच दाखवत्यात. आपण कल्ले उचलून बघायचं."

आधी त्यांनी संडासातलं पाणी बघितलं. मग ग्रंथालयातल्या पुस्तकांची शेवटची पानं. "शिक्का कुठाय? हे कुणी घरी नेल्यालंच न्हाय की!" प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर अजून प्लास्टिक होतं. "नव्या नवरीवानी झाकून ठिवलंय."

तेवढ्यात एक सर धावत आले आणि कॉलेजचं व्हिजन सांगू लागले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमची पोरगी हितंच शिकती का?"

"नाही, ती पुण्याला असते."

चाचा मला म्हणाले, "चल."

अशी तीन कॉलेजं झाली. निघताना ऑफिसच्या खिडकीशी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे: "बारावीनंतर नऊ वर्षांचा गॅप चालंल का?" क्लार्क वाकून माझ्याकडे बघायचा. एका बाईंनी तर मला धीर दिला, "निराश होऊ नकोस, बाळा."

शेवटी इंदापूरच्या एका साध्या कॉलेजात पुस्तकांची पानं शिक्क्यांनी भरलेली निघाली. तिथल्या शिपायाची मुलगीही तिथंच शिकत होती. चाचांनी मला फॉर्म भरायला लावला आणि पुन्हा तेच विचारलं. परतताना एसटीत मी चिडलो, "चाचा, माझा कुठं गॅप हाय?"

"तुझा न्हाय रं. शाहीनचा."

शाहीन म्हणजे त्यांची मुलगी, अकलूजला दिलेली.

"बारावीला शाळेत पहिली आल्ती. मीच म्हनलो, बास झालं. तवा एकबी कॉलेज बघाया गेलो न्हाय."

खिशातून त्यांनी एक कागद काढला. चार कॉलेजांची नावं, पुढं 'चालतं' किंवा 'न्हाय'.

"मग ताईला सांगा की."

"कंच्या तोंडानं सांगू?"

ते खिडकीबाहेर बघत असताना मी कागदाचा फोटो काढला, खाली 'चाचा मागच्या गेटनं शिरून बघत्यात' असं लिहिलं आणि त्यांच्याच मोबाईलवरून शाहीनताईला पाठवला. त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

दोन आठवड्यांनी मी मासळी घ्यायला गेलो होतो. चाचांचा फोन वाजला. त्यांचे हात ओले, म्हणून मीच स्पीकर लावला.

"अब्बा, इंदापूरला नाव घातलं. मागच्या गेटनंच शिरले."

चाचांच्या हातातला तराजू तसाच अधांतरी राहिला. मग तो खाली ठेवून त्यांनी विचारलं, "संडासात पानी हाय का गं?"

"हाय, अब्बा."