शनिवारच्या आत दार

दंतवैद्यांच्या गाडीची वॉरंटी सोमवारी संपली आणि मंगळवारी सकाळी चालकाशेजारच्या दाराचं हँडल तुटून त्यांच्या हातात आलं. दार बंद ते बंदच. इतका वक्तशीरपणा हल्ली माणसांतही सापडत नाही. पण डॉक्टरांना कौतुक करायला सवड नव्हती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, शनिवारी तिला घरी आणायचं होतं आणि पाय लांब करून बसण्याजोगी जागा नेमकी त्या दारामागे होती.

सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागाराने ते हँडल दोन्ही हातांनी, आदरपूर्वक स्वीकारलं.

"सोमवारपर्यंत दार उघडत होतं?"

"हो ना! अगदी छान."

"तसं इथे लिहून द्या." डॉक्टरांनी भाबडेपणाने लिहून दिलं. "म्हणजे आमचं दार उत्तम होतं. उघडत नाही ते वॉरंटीनंतरचं दार. त्याच्याशी कंपनीचा संबंध नाही."

"अहो, दार तेच आहे!"

"मग दोष आधीपासूनच असणार. मुदतीत तक्रार का नाही केलीत?"

"मुदतीत दोष नव्हता!"

"तेच तर मी म्हणतोय," सल्लागार समाधानाने म्हणाला आणि त्याने 'संभाव्य दोष पूर्वसूचना अर्ज' पुढे सरकवला. दोष उद्भवण्याच्या पंधरा दिवस आधी तो तीन प्रतींत भरायचा होता.

बाकावर बसलेले एक निवृत्त गृहस्थ हळूच म्हणाले, "मी गाडी घेतली त्याच दिवशी सगळ्या भागांसाठी अर्ज भरले. अगदी आरशापासून पायपुसण्यापर्यंत."

"मग?"

"उत्तर आलं, गाडीवर एवढा अविश्वास असलेल्या ग्राहकाला वॉरंटी लागू होत नाही. अजून काहीच बिघडलेलं नाही हो. तीच तर काळजी आहे."

शुक्रवारी दुपारी दवाखान्याचं दार ढकलून तोच सल्लागार आत आला. गाल टम्म फुगलेला, रुमालात याच दवाखान्यात बसवलेली, आता निखळलेली दाताची टोपी. मदतनीस बाईंनी त्याचं गॅरंटी कार्ड काढलं. मुदत गुरुवारी संपली होती. डॉक्टरांना इतका आनंद झाला, की त्यांनी आधी हात स्वच्छ धुतले.

"काल दुखत होता?"

"नाही हो."

"तसं इथे लिहून द्या. आणि मग कालच का नाही आलात?"

मुदतीनंतरच्या दाताशी दवाखान्याचा संबंध नाही, असं कार्डावर कलमच होतं, डॉक्टरांनी स्वतः रचलेलं. सल्लागाराने ते दोनदा वाचलं. "कलम चांगलं आहे," तो डोळे पुसत म्हणाला आणि गाल धरून निघून गेला.

संध्याकाळी डॉक्टरांनी हा पराक्रम हॉस्पिटलमध्ये आईला रंगवून सांगितला. आई पोट धरून हसली. मग म्हणाली, "आणि उद्या मी कुठून बसू?"

हे डॉक्टरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "चालकाच्या बाजूने... दोघं जण धरतील..."

"अरे, तू पंचेचाळीसचा झालास. तुझी मुदत केव्हाच संपली. तरी रोज सकाळी गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडेच येतोस ना? मी कधी कार्ड मागितलं?"

डॉक्टर खजील झाले. व्हरांड्यात जाऊन त्यांनी सल्लागाराला फोन लावला.

शनिवारी सकाळी आठला सल्लागार दवाखान्यातल्या खुर्चीत होता आणि त्याचा मेकॅनिक बाहेर गाडीच्या दाराशी. दोन्ही कामं एकाच वेळी, अर्जाविना उरकली. दुपारी आई पाय पसरून ऐटीत पुढे बसली. दार तिने स्वतः दोनदा उघडून लावून पाहिलं.

कार्डावरचं कलम मात्र डॉक्टरांनी काढलं नाही. शेवटी सगळेच पेशंट काही गाडीची दारं दुरुस्त करत नाहीत. तुम्हीही हसताय, हसा. पण तुमच्या दाताची मुदत संपली असेल, तर तुमच्या हातात लोकांची कुठली कामं अडकली आहेत तेवढं आधी सांगा. मग तोंड उघडा.