कोल्हीणबाईंचं बाळ

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी सुशिक्षित झाले होते. म्हणजे जागोजागी पाट्या लागल्या होत्या.

बगळेवैद्यांच्या दवाखान्यावरही पाटी होती : 'कुत्र्यांना सक्त मनाई'. पाटीखाली वानर बसे. त्याला वाचता येत होतं, म्हणून त्याला दारावर ठेवलं होतं. विचार करता येतो का, हे कुणी विचारलं नव्हतं.

एकदा तिथे भालोबा अस्वल आले. भालोबा म्हातारे आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळे. आता उरलासुरला कानही ठणकत होता. तो गेला की सगळंच गेलं. त्यांच्या हातात वेलीचं टोक होतं, दुसरं टोक टिपऱ्या कुत्र्याच्या गळ्यात. टिपऱ्या खड्डा आला की थांबे, मग भालोबा थांबत.

"कुत्रा बाहेर," वानर म्हणाला. "पिसवा असतात." आणि काखेतली ऊ काढून त्यानं तोंडात टाकली.

"अरे बाबा, हा माझे डोळे आहे."

"मग डोळे आत न्या, कुत्रा बाहेर ठेवा."

तेवढ्यात कोल्हीणबाई आल्या. त्यांच्या कडेवर झबलं घातलेलं गुबगुबीत कुत्रं होतं. ते टिपऱ्यावर भुंकलं आणि वानराच्या बोटाला चावलं. वानर बोट चोखत उठून उभा राहिला.

"या बाईसाहेब. बाळ दमलंय वाटतं."

भालोबांनी नाक वर केलं. "वास तर कुत्र्याचा येतोय."

"कुत्रा कुणाला म्हणता हो?" बाई म्हणाल्या. "आमचा चिंगू आहे तो. दुधावरची साय खातो."

बाई आत गेल्या. वानर हळूच म्हणाला, "आजोबा, तुम्हीही याला बाळ म्हणा. पाटीवर बाळाला मनाई नाही. सोडतो."

"याच्या आधारानं मी चालतो," भालोबा म्हणाले. "आमच्यात बाळ असेन तर मी."

मग टिपऱ्याला खांबाला बांधलं. वानरानं भालोबांचा हात धरून त्यांना अंगणापर्यंत नेलं. इतक्यात चिंगूबाळाला तहान लागली. हात सोडून वानर पाण्याला पळाला.

भालोबा वाट पाहून दमले. मग अंदाजानं चालू लागले. अंगणात बगळेवैद्यांनी कानाच्या औषधाचा पाला वाळत घातला होता. जंगलात होता तेवढा सगळा. भालोबांनी तो तुडवून मातीत कालवला.

बगळेवैद्य ओरडत आले. "आंधळ्यानं असं एकट्यानं फिरावं का? बरोबर कुणाला आणायला काय होतं?"

"आणलं होतं," भालोबा म्हणाले. "तुमच्या दारात बांधलंय."

पण वैद्य ऐकत नव्हते. ते चिंगूची नाडी पाहायला गेले होते. पुढच्या पावसाळ्यात पाला उगवला, तोवर भालोबांना औषध आलंय हे ओरडून सांगितलं तरी ऐकू येत नव्हतं.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी कुणाच्या उपयोगी पडू नका. उपयोगी पडणाऱ्याला दारात बांधतात. आत जायचं तर कडेवर बसायला शिका, आणि अधूनमधून चावत जा.